राजीनामे

त्याचं आडनाव राजीनामे नव्हतं. खरं आडनाव आयकार्डावर आणि पगाराच्या स्लिपवर होतं, बाकी कुठेच ते वापरात नव्हतं. २०११ साली मी हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत रुजू झालो, तेव्हा पहिल्याच दिवशी कुणीतरी ओळख करून दिली, "हे राजीनामे." असेल एखाद्या गावाकडचं आडनाव, म्हणून मी नमस्कार केला.

"मी आता इथे फार दिवस नाही," तो म्हणाला. "पेपर टाकतोय. केटी घ्यायचं असेल तर लगेच घेऊन ठेव."

मी घाईघाईने वही काढली. ते केटी, म्हणजे जाणाऱ्याकडून काम समजून घेणं, तेरा वर्षं चाललं.

राजीनामेचा दरबार संध्याकाळी साडेचारला गेटाबाहेरच्या टपरीवर भरायचा. गेटाच्या आत मशीनचा चहा फुकट मिळायचा, पण राजीनामेच्या मते तो प्यायला की मनातलं बोलता येत नाही. टपरीवर पोचला की पहिलं काम म्हणजे गळ्यातलं आयकार्ड काढून खिशात टाकणं. मग कटिंगचा एक घोट, आणि मग, "आजची बातमी कळली का?"

शेतकऱ्याला जशी नक्षत्रं, तसं राजीनामेचं वर्ष ठरलेलं असायचं. एप्रिलात अप्रेझल, जूनमध्ये हाइकची पत्रं, मग व्हेरिएबलची कापाकापी, दिवाळीला मिठाईचा डबा की नुसतं कूपन यावर चर्चा आणि डिसेंबरात ऑनसाइटला कोण गेलं, त्याच्याऐवजी कोण जायला हवं होतं. प्रत्येक नक्षत्राला पाऊस कमीच पडायचा. फ्रेशरचं पॅकेज दशकभर साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळत राहिलं, हा त्याचा आवडता विषय. "वडापावला इन्क्रिमेंट मिळालं, पेट्रोलला मिळालं. राहिलं कोण?" असं विचारून तो समोरच्या फ्रेशरकडे बघायचा. फ्रेशरला त्या क्षणापर्यंत आपलं बरं चाललंय असं वाटत असायचं.

पण तो नुसता रडका नव्हता. त्याचा अभ्यास होता. बेल कर्व्ह म्हणजे काय, हे मला एचआरच्या दोन तासांच्या ट्रेनिंगमध्ये कळलं नव्हतं, ते त्याने टपरीच्या फळीवर दोन मिनिटांत समजावलं. धुऊन उपडे घातलेले दहा ग्लास त्याने ओळीत मांडले.

"हे दहा ग्लास. दहाही स्वच्छ. आता यातले दोन चकचकीत म्हणायचे, सात बरे म्हणायचे आणि एक घाण आहे असं लिहून द्यायचं. जीईच्या जॅक वेल्चचं गणित आहे हे. वीस, सत्तर, दहा."

"पण घाण कुठला?"

"कुठलाही. कर्व्हमध्ये एक घाण लागतोच."

टपरीवाला इतका वेळ ऐकत होता. तो पुढे झाला आणि ग्लास उचलून घेत म्हणाला, "साहेब, माझा एकपण ग्लास घाण नसतो."

"बघ," राजीनामे मला म्हणाला, "याला म्हणतात मॅनेजर. टीमच्या बाजूने उभा राहिला." मायक्रोसॉफ्टने ही असली क्रमवारी २०१३ सालीच बंद केली, ही बातमी त्याने फोनमध्ये जपून ठेवली होती आणि दर एप्रिलात ती तो सगळ्यांना नव्याने पाठवायचा.

एकदा कंपनीने आमचं समाधान मोजायचं ठरवलं. सर्व्हे पूर्णपणे निनावी आहे असं मेलमध्ये तीनदा लिहिलं होतं. राजीनामेने लिंकवर बोट ठेवून ती शेपटापर्यंत वाचून दाखवली. शेवटचे सहा आकडे म्हणजे त्याचा एम्प्लॉयी नंबर होता. मग त्याने शांतपणे सगळीकडे पाचपैकी पाच दिले. पुढच्या टाऊनहॉलमध्ये मोठ्या साहेबांनी स्क्रीनवर वर चढत जाणारी रेघ दाखवली आणि कर्मचाऱ्यांचं समाधान वाढल्याचं जाहीर केलं. मागच्या रांगेत सगळ्यात मोठ्याने टाळ्या राजीनामे वाजवत होता. "कष्टाचं फळ आहे," तो माझ्या कानाशी म्हणाला.

या माणसाच्या लेखी राजीनाम्याचं दर्शन मला २०१८च्या पावसाळ्यात झालं. रिलीजसाठी आम्ही रात्री थांबलो होतो, बिल्ड चालू होतं आणि करायला काही नव्हतं. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि मेलचं ड्राफ्ट्स फोल्डर उघडलं. पहिला मजकूर एप्रिल २००९चा. मंदीच्या त्या वर्षी कुणालाच हाइक नव्हती. पत्र मात्र देखणं होतं. तीन परिच्छेद, सहा मुद्दे, आणि शेवटी 'आपल्या व्यवस्थापनशैलीविषयी' असा स्वतंत्र विभाग. दर एप्रिलात तो त्याला हात लावायचा. एखादं विशेषण काढायचा, एखादं घालायचा, वरचं नाव बदलायचा.

"नाव का बदलतोस?"

"मॅनेजर बदलतात ना."

आम्ही मोजले. ज्यांना उद्देशून हे पत्र लिहिलं गेलं होतं, ते पाच मॅनेजर आत्तापर्यंत राजीनामा देऊन गेले होते. पाचांच्याही निरोपाच्या केकची वर्गणी राजीनामेनेच गोळा केली होती आणि पाचांच्याही कार्डावरचा सगळ्यात हळवा मजकूर त्याचाच होता.

ड्राफ्टच्या शेजारी एक एक्सेल होतं. त्यात ग्रॅच्युइटी. शेवटचा मूळ पगार, त्याला पंधरा भागिले सव्वीस, त्याला नोकरीची वर्षं. दर महिन्याच्या एक तारखेला आकडा आपोआप वाढायचा. "आज गेलो तर इतके," असं म्हणून तो त्या चौकटीकडे बघायचा. जाण्याचा आनंद त्याला न जाता दर महिन्याला मिळत होता.

न जाण्याची कारणं त्याच्याकडे कधी कमी पडली नाहीत. नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा. "तीन महिन्यांत माणसाचा राग शिळा होतो रे." डिसेंबर २०१८ मध्ये हिंजवडी ते शिवाजीनगर या तेवीस किलोमीटरच्या मेट्रोचं भूमिपूजन झालं, तेव्हा तर तो म्हणाला, "आता मेट्रो सुरू झाली की मगच सोडणार. इतकी वर्षं भूमकर चौकात मी उभा राहिलो आणि सुखाचे दिवस दुसऱ्याने बघायचे?" ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करायला सांगितलं. सारा देश त्यावर भांडत होता, तेव्हा राजीनामे पेपर नॅपकिनवर बेरीज करत होता. ऑफिसचे रोज साडेनऊ, म्हणजे साडेसत्तेचाळीस. कोथरूडहून येऊन जाऊन रोज चार, म्हणजे वीस. "साडेसदुसष्ट झाले. राहिले अडीच. तेवढा आपला शनिवारचा कॉल." नॅपकिन घडी करून त्याने खिशात ठेवला. "आपण केव्हाचे करतोय. मूर्तींना कळवायला पाहिजे."

त्याच्या आदल्या वर्षी मात्र त्याची खरी परीक्षा झाली होती. २०२२चा तो काळ, लॉकडाऊननंतरची भरती जोरात होती आणि माणसं चाळीस-पन्नास टक्के वाढ घेऊन उड्या मारत होती. राजीनामेलाही खराडीतून ऑफर आली. लेटर हातात होतं, चाळीस टक्के जास्तीचं. आम्ही केकचे पैसे काढले. तो एका शनिवारी तिकडे जाऊन कॅम्पस बघून आला आणि सोमवारी साडेचारला नेहमीप्रमाणे टपरीवर हजर.

"नाही जमणार," तो म्हणाला. "सगळं छान आहे. पण तिथे गेटाबाहेर टपरी नाही. आत फूड कोर्ट आहे. फूड कोर्टात कुणाचं मन मोकळं झालंय का आजपर्यंत?"

आम्ही हसलो. नंतर बसमध्ये मला वाटलं, हे आजवरचं त्याचं सगळ्यात खरं कारण होतं. खरे नाराज लोक टपरीवर येतच नसत. ते हेडफोन लावून बसायचे, सर्व्हेत चार-चार गुण द्यायचे, आणि एका शुक्रवारी त्यांचा निरोपाचा मेल यायचा. कुणालाच काही माहीत नसायचं. शिव्या घालायला माणूस रोज साडेचारला येतो, तो उद्या पुन्हा यायचं ठरवूनच.

२०२४च्या एप्रिलात कंपनीत फेररचना झाली आणि राजीनामेला मॅनेजर केलं. का केलं हे कुणाला कळलं नाही. माझा तर्क असा, की आणखी एक मॅनेजर नेमून त्यालाही घालवण्यापेक्षा हे स्वस्त पडलं असावं. पहिल्याच महिन्यात त्याने एका पोराला सांगितलं, "काम तुझं उत्तमच आहे रे, पण कर्व्हमध्ये बसत नाही." सांगताना त्याचा आवाज बसला होता म्हणे.

मग एक दिवस साडेचारला तो टपरीकडे गेला. पोरं घोळक्याने बोलत उभी होती. तो पोचला आणि सगळे गप्प झाले. एकाने फोन काढला, एकाला अचानक कॉल आठवला. टपरीवाल्याने न विचारता कटिंग पुढे केलं. त्या दिवसापासून राजीनामे मशीनचा चहा प्यायला लागला.

मी नोव्हेंबरात पेपर टाकले. दोन ओळींचा मेल. रीतीप्रमाणे तो त्याच्याकडेच गेला. त्याने मला मीटिंग रूममध्ये बोलावलं, दार लावलं आणि समोरचा कागद बघून सुरुवात केली, "कंपनी तुझ्याकडे दीर्घकालीन दृष्टीने..." मग त्याने कागद पालथा घातला.

"फॉर्ममध्ये कारण काय निवडलंस?"

यादीत सहा कारणं होती. तिसरं होतं, 'थेट वरिष्ठ'.

"वैयक्तिक," मी म्हणालो.

त्याचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. मेल पुन्हा वाचून तो म्हणाला, "दोनच ओळी? तेरा वर्षांच्या दोन ओळी? मला विचारायचंस तरी. माझ्याकडे पंधरा वर्षांचा मसाला आहे."

मग घड्याळ बघून तो उठला. "चल, साडेचार झाले."

आम्ही गेटाबाहेर पडलो. पोरं होतीच. आम्ही जवळ गेलो तशी बडबड विरली आणि फोन बाहेर निघाले. राजीनामेने गळ्यातलं आयकार्ड काढून खिशात टाकलं आणि फळीला टेकत सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "व्हेरिएबल किती आलं रे तुम्हाला?"

कुणी बोललं नाही.

"मला बासष्ट टक्के," तो म्हणाला. "मॅनेजरला. बासष्ट."

"काय सांगता सर? आम्हाला सत्तर," एक पोरगा म्हणाला.

"बघा म्हणजे! आता राहण्यात अर्थ नाही. पेपर टाकतो."

घोळका थोडा सरकला. त्याच्यापुरती जागा झाली.