तीनशे चौऱ्याऐंशी माणसं

एम. ए.च्या शेवटच्या सत्रात प्रत्येकाला एकदा तरी मौलिक संशोधन होतं. घाबरू नये. कांजिण्यांसारखं ते मुदतीत उतरतं, फक्त पथ्य नीट सांभाळायला हवं.

पहिली पायरी ब्लॅक बुकच्या, म्हणजे प्रबंधाच्या, बायंडिंगची. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन काळं रेक्झिन आणि सोनेरी अक्षरं यांचा भाव काढून ठेवावा. सबमिशनच्या आठवड्यात तोच खरा मार्गदर्शक. सरांचा फोन तेव्हा लागत नाही. शीर्षकही त्याच्याच काउंटरवर सुचतं: 'मोबाइलच्या वापराचा अभ्यासावर होणारा परिणाम: एक चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ अमुक तालुका'. तालुका विसरू नये. मौलिकता तिथेच असते, कारण तुमच्या तालुक्यात हा उद्योग आजवर कोणी केलेला नसतो.

आता पाहणीसाठी माणसं. ती ३८४ लागतात. का, ते विचारू नये. पण व्हायवात विचारलंच तर तयारी असावी. विश्वासपातळी ९५ टक्के, चूक पाच टक्के धरली की १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.०५ चा वर्ग, उत्तर ३८४ आणि वर थोडं. तालुका दहा लाखांचा असो की राज्य बारा कोटींचं, आकडा जवळपास हलत नाही. सूत्राची अट एकच: ही माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कुणालाही झुकतं माप न देता उचललेली असावीत. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पीक कापणी प्रयोगांसाठी हेच केलं. शेत कोणतं आणि शेतातला तुकडा कोणता, दोन्ही यादृच्छिक आकड्यांवरून ठरवायचे. मग तेवढंच पीक कापायचं, झोडपायचं, तोलायचं. हे सगळं उन्हात उभं राहून करावं लागतं, म्हणून आपण ते टाळावं.

आपण गूगल फॉर्म करावा आणि तो हॉस्टेलच्या, मामेभावाच्या ऑफिसच्या आणि आईच्या भिशीच्या ग्रुपवर टाकावा. 'प्लीज भरा ना, दोनच मिनिटं' हे वाक्य दिवसातून तीनदा, जेवणानंतर. याला शास्त्रात सोयीस्कर नमुना असं प्रामाणिक नाव आहे. माझ्या फॉर्मवर 'आपला वर्ग' या प्रश्नाला भिशीतल्या एका काकूंनी 'मध्यम' असं उत्तर दिलं होतं. मी त्यांना द्वितीय वर्षात घातलं.

नमुना सोयीचा असला की काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेत आहे. १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकानं सुमारे २४ लाख मतपत्रिका गोळा करून अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट पडणार असं छापलं. पत्ते बरेचसे टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारवाल्यांच्या नोंदींतून घेतलेले, म्हणजे त्यांचीही भिशीच. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले आणि साप्ताहिक दोन वर्षांत बंद पडलं. तुम्हाला हा धोका नाही. ब्लॅक बुक कोणी वाचत नाही.

प्रश्नांना पाच पर्याय ठेवावेत, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत. लिकर्टनं १९३२ साली ही सोय करून दिली. मधला 'तटस्थ' आपल्या लोकांना फार आवडतो. कुणाचं मन दुखवायला नको.

सर्वात नाजूक भाग गृहीतकृत्याचा. पुस्तकात ते आधी मांडावं असं म्हटलंय. तसं केल्यास ते खोटं ठरायची भीती राहते. अनुभवी माणूस आधी सगळे रकाने एकमेकांना भिडवून पाहतो: मोबाइल विरुद्ध गुण, मोबाइल विरुद्ध झोप, मोबाइल विरुद्ध घरातली भावंडं. संबंध निव्वळ योगायोगाचा नाही असं मानायला रोनाल्ड फिशरनं १९२५ साली ०.०५ ही सोयीची रेघ सुचवली, ती इथे कामी येते. कशाचा कशाशी काडीचा संबंध नसला, तरी वीस स्वतंत्र चाचण्यांत एखादी तरी रेघेखाली येण्याची शक्यता ६४ टक्के असते. म्हणजे वीस कराव्यात. उरलेल्या एकोणीस फोल्डरसकट डिलीट कराव्यात आणि सापडलेली एक पहिल्या प्रकरणात 'संशोधकास असे वाटते की' या शब्दांत आधीपासूनच वाटत असल्यासारखी लिहावी. माझ्या हाती भावंडं लागली. ज्यांना दोन भावंडं आहेत ते मोबाइल कमी वापरतात. चार्जर एकच असतो, हे मला पुढे घरी गेल्यावर सुचलं. प्रबंधात मी ते 'कौटुंबिक मूल्यव्यवस्था' म्हणून दिलं आहे.

व्हायवाला शर्ट इस्त्रीचा असावा. माझ्या एक्स्टर्नल सरांनी ब्लॅक बुक हातात तोलून पाहिलं, सोनेरी अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि मधलंच पान उघडलं.

"तीनशे चौऱ्याऐंशी?"

"हो सर." मी सूत्र म्हणायला श्वास घेतला.

"असू दे, असू दे," सर म्हणाले. "माझेही तेवढेच होते."