बिनगाडीच्या पाहुण्याची मुंबई

मुंबई पाहायला येताना ज्याने गाडी आणलेली नाही, त्याने आधी मनाची तयारी करावी. या शहराने अलीकडे ज्या ज्या गोष्टीसमोर फोटो काढून घेतले, ती त्याच्यासाठी बांधलेली नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतू 2009 मध्ये उघडला. त्यावर पायी जायला मनाई, दुचाकीला मनाई, रिक्षाला मनाई. सागरी किनारा मार्ग 2024 मध्ये सुरू झाला, खर्च 13 हजार कोटींहून अधिक, मनाईची यादी तीच. त्याच वर्षी जानेवारीत अटल सेतू आला, जवळजवळ 22 किलोमीटर लांब. यादी पुन्हा तीच. यावरून चाणाक्ष पाहुण्याने ओळखावे, की मुंबईत समुद्र दोन प्रकारचा मिळतो. एक काचा वर करून बघायचा आणि दुसरा चौपाटीवर बसून. दुसरा फुकट आहे, म्हणून त्याच्या उद्घाटनाला कोणी येत नाही.

किनारा मार्गावरून आणि अटल सेतूवरून बेस्टने बस सुरू केली, हे नोंदवणे न्यायाचे आहे. ती किती वेळाने येते, असे विचारणे मात्र पाहुण्याला शोभत नाही.

तेव्हा लोकल. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, आणि तेव्हापासून दारातली माणसे आत सरकायला तयार नाहीत. पाहुण्यांसाठी 1, 3 आणि 5 दिवसांचे पर्यटक तिकीट असते. ते खिडकीवर मागितले की मागची रांग आपल्याकडे ज्या नजरेने बघते, तिची गणना प्रेक्षणीय स्थळांत व्हायला हरकत नाही. तिकीट हातात असणे आणि आपण गाडीत असणे या सकाळी नऊ वाजता दोन फार वेगळ्या अवस्था आहेत, हे खिडकीवर कोणी सांगत नाही.

चढणे तसे सोपे. ते आपल्याला करावे लागत नाही, मागचे करतात. खरी विद्या उतरण्याची. कल्याणकडून येताना दादरला उतरायचे असेल, तर शीवपासूनच पुढच्याच्या खांद्याला बोट लावून ‘दादर?’ एवढेच विचारायचे. त्याने मान हलवली तर त्याच्या मागे उभे राहायचे, नाही तर त्याची जागा घ्यायची. ‘माफ करा, आपण दादरला उतरणार आहात का?’ असे कर्ता-कर्म-क्रियापदासह विचारणारा माणूस पुण्याचा समजला जातो, आणि त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत परळ येते. पश्चिम रेल्वेवर विरार फास्टमध्ये शिरून बोरिवलीला उतरण्याचा बेत तर पाहुण्याने करूच नये. तो हक्क घटनेने दिला असेल, विरारवाल्यांनी दिलेला नाही.

दादरला डिसेंबर 2023 पर्यंत मध्य आणि पश्चिम रेल्वे आपापले फलाट वेगवेगळे मोजत. ‘एक नंबरवर भेटू’ असे ठरवलेली कुटुंबे दोन एक नंबरांवर उभी राहून एकमेकांना फोन करत. आता 1 ते 14 असे सलग क्रमांक आहेत, त्यामुळे चुकामूक फक्त पुलावर होते.

मोनोरेलबद्दल कोणी विचारलेच, तर ती 2014 मध्ये सुरू झाली आणि सप्टेंबर 2025 मध्ये सुधारणेसाठी थांबवली गेली. मधल्या काळात तिच्यात कोण बसत होते, हा संशोधनाचा विषय आहे. रिक्षाचे सोपे आहे. वांद्रे आणि शीवच्या पुढे ती दक्षिणेला जात नाही, तो नियम. उत्तरेला जात नाही, ती चालकाची मर्जी.

भुयारी मेट्रोची मात्र थट्टा करवत नाही. आरे ते कफ परेड, 33.5 किलोमीटर, ऑक्टोबर 2025 मध्ये पुरी झाली, आणि शेवटापर्यंतचे भाडे 70 रुपये. वरळीला तिचे आचार्य अत्रे चौक नावाचे स्थानक आहे. गेल्या दहा हजार वर्षांत मुंबईकर इतका कोरडा राहून वरळीला पोचला नव्हता! घाम फुटतो तो सरकत्या जिन्यावरून वर आल्यावर. तिथून पदपथ शोधायचा. तो सापडलाच, तर त्यावर आधी लावलेल्या स्कूटर, विजेचा डबा, खोदकामाचे पत्रे आणि एखादे मंदिर यांना वळसा घालायचा, म्हणजे रस्त्यावरून चालायचे. जमिनीखाली एवढे शक्य झालेल्या शहराला जमिनीवर चार फूट सपाट जागा का जमत नाही, हे मला अजून कोणी समजावलेले नाही.

आणि तरीही बिनगाडीच्या पाहुण्याने खट्टू होऊ नये. मुंबई बघताना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतली तीन ठिकाणे गाठता येतात. घारापुरीची लेणी 1987 पासून त्या यादीत आहेत, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस 2004 पासून, आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन व आर्ट डेको इमारती 2018 पासून. टर्मिनसला लोकल स्वतःच नेऊन सोडते. तिथून हुतात्मा चौकामार्गे ओव्हलला चालत जाता येते, आणि मैदानाच्या मधल्या पायवाटेवर उभे राहिले की एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, दुसऱ्या बाजूला गोलाईच्या गॅलऱ्यांची घरे. गाडीवाल्याला यातले काही दिसत नाही, तो तेव्हा पार्किंग शोधत असतो.

राहिली घारापुरी. कागदोपत्री ती रायगड जिल्ह्यात आहे, पण लाँच गेटवेहूनच सुटते आणि तासाभरात पोचवते. कितीही महागडी गाडी असली तरी ती गेटवेलाच ठेवावी लागते. बेटावर गाडी नेणाऱ्या पुलाची निविदा कोणाच्या डोक्यात यायच्या आत जाऊन या. फक्त सोमवारी जाऊ नका. सोमवारी लेणी बंद असतात.