पहिलं तास सोडून

आमचे मामा देऊळघाटचे. पैनगंगेकाठी सात एकर, त्यात कपाशी आणि सोयाबीन, आणि गुडघे दोन्ही कामातून गेलेले. मुलगा न्यू जर्सीत. मामी सुनेच्या बाळंतपणासाठी चार महिन्यांपूर्वीच तिकडे गेलेल्या. नातू पाहायचा आणि मामींना घेऊन यायचं, म्हणून मामा निघाले. आणि इंग्रजी बोलायला सोबत मी. माझं इंग्रजी किती आहे हे मामांना ठाऊक नव्हतं आणि मीही सांगितलं नाही.

मुलाचा फोन आला, ‘‘बाबांचे गुडघे पाहता प्रीमियम इकॉनॉमीच काढ. सीट तेवढी नीट निवड.’’

‘‘हे प्रीमियम काय असते?’’ मामांनी विचारलं.

मी समजावायला लागलो, की साध्या वर्गाहून बरं, बिझनेसहून कमी, आडवं होता येत नाही पण रेलता येतं, पायाखाली टेकू मिळतो...

‘‘म्हंजे निमआराम,’’ मामा म्हणाले.

मी गप्पच झालो. विमान कंपन्यांना हा मधला वर्ग सुचला 1990 नंतर. तैवानची इव्हा एअर आणि ब्रिटनची व्हर्जिन अटलांटिक यांनी तो आधी आणला. आपल्या एसटीच्या निमआरामला लोक अजूनही ‘एशियाड’ म्हणतात, ते 1982 च्या दिल्लीतल्या खेळांवरून. म्हणजे महामंडळ दहा वर्षं पुढेच होतं. शिवाय नाव प्रामाणिक. अर्धाच आराम मिळेल, असं तिकीट काढण्याआधीच सांगून टाकलेलं!

मग आला ‘पिच’. एका सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंतचं अंतर. साध्या वर्गात ते साधारण 31 इंच, प्रीमियममध्ये 38. मामा म्हणाले, ‘‘असं सांग ना, दोन तासांतलं अंतर.’’ आमच्याकडे तास म्हणजे पेरणीची ओळ. त्यांनी टेप मागवला, ओसरीवर प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या एकामागे एक मांडल्या आणि 31 इंचांवर मागच्या खुर्चीत स्वतः बसून पाहिलं. गुडघे पुढच्या खुर्चीला टेकले. मग टेपची उलटी बाजू वाचली, 79 सेंटिमीटर भरले.

‘‘अरे, कपाशीले आपन नव्वद देतो!’’

खरंच की. सोयाबीनला 45 आणि कपाशीला 90 सेंटिमीटर. साध्या वर्गातला माणूस या दोहोंच्या मधलं पीक झाला. प्रीमियमचे भरले साडेशहाण्णव. ‘‘हां, हे बागायती,’’ मामांनी शिक्का मारला. तिकीट जवळजवळ दुप्पट होतं, तेही सात इंचांसाठी, म्हणजे वीत भरायला दोन बोटं कमीच. पण ज्या मुलखात वीतभर धुऱ्यासाठी, म्हणजे बांधासाठी, माणसं वीस-वीस वर्षं बुलढाण्याच्या कोर्टात चपला झिजवतात, तिथे याचं काय नवल?

मोबाइलवर सीटांचा नकाशा उघडला. मामांनी तो गटनकाशासारखा वाचला. मोरी कुठं, सैपाकघर कुठं, धक्के कुठं कमी? धक्के पंखांजवळ कमी आणि शेपटाला जास्त, हे मी सांगितल्यावर ‘‘मंग एस्टीच हाये’’ म्हणाले. विमानाविमानात फरक असतो, हेही मी वाचून ठेवलं होतं. एअर इंडियाच्या ए-350 मध्ये या वर्गाच्या 24 सीटा, दोन-चार-दोन अशा. म्हणजे कडेची जोडी धरली की तिसरा माणूस नाही. जोडी ठरली. भांडण झालं रांगेवरून. मी म्हणालो, पहिली रांग, पुढे कोणी नाही, कोणाची पाठ अंगावर यायची नाही. मामा म्हणाले, ‘‘पयलं तास धुऱ्याले लागून असते. तिथं पीक येत नाही.’’

शिकलेला मी होतो. पहिली रांग घेतली.

विमानात बसलो तर पुढे भिंत. पाय लांब करावेत तर भिंतीला लागतात. ओसरीवर निदान पुढच्या खुर्चीखाली पाय जात होते. मामांची पिशवी, तिच्यात गुडघ्याच्या गोळ्या आणि मुरमुऱ्याचा चिवडा, हवाईसुंदरीनं हसत हसत उचलून वरच्या कप्प्यात ठेवली. पुढे सीटच नाही तर सीटखाली ठेवणार कुठं? जेवणाचं टेबल हाताच्या दांडीतून निघालं, टीव्हीही त्यातूनच. त्यामुळे दांडी जाड, आणि ती वर होत नाही. आमच्या दोघांमधला धुरा रुंद झाला, पण जमीन दोघांचीही गेली. वर त्या भिंतीलाच लेकरांचे पाळणे टांगतात, हे मला तिथे कळलं. शेजारच्या चौघांपुढे टांगलेलं लेकरू अटलांटिक येईपर्यंत रडत होतं. दिल्लीहून पंधरा तासांच्या प्रवासात मामा तीनदा बोलले, आणि तिन्ही वेळा एकच शब्द: ‘‘धुरा.’’

परतीच्या जागा मामांनी काढल्या. दुसरी रांग, कडेची जोडी त्यांना आणि मामींना. मला मधल्या चौघांत टाकलं, शिक्षा असावी. पिशवी पायाशी, टेबल पुढच्या पाठीला, पाय टेकूवर. मामींनी दोन पिक्चर पाहिले. मामा घोरले.

मलकापूरला रेल्वेतून उतरलो, बुलढाण्याची गाडी लागली. मामांनी खिडकीतून रुमाल आत टाकला तो बरोबर दुसऱ्या सीटवर. कंडक्टरनं मामींचं अर्धं तिकीट फाडलं आणि वय पाहून मामांचंही. ‘‘विमानात असं काई नाही,’’ मामा त्याला सांगत होते. राजूर घाट चढेपर्यंत त्यांनी त्याला पिच समजावून दिला होता.

देऊळघाटात पारावर माणसं जमली. अमेरिका कशी आहे, बर्फ किती, पोरगा किती कमावतो, सगळं विचारून झालं. मामांनी पाय पसरले आणि म्हणाले,

‘‘जाशीन तं पयलं तास सोडून बस.’’