हॅन्डब्रेक घरच्या घरी

"काय गं, सकाळपासून ठोकाठोकी कशाची? मला वाटलं भिंत पाडायलेत!"

"भिंत नाही काकू, चाक. आमचे हे हॅन्डब्रेकचे लायनर बदलायलेत."

"परवापर्यंत तर चालत होती की गाडी!"

"चालत होती, थांबत नव्हती. परभणीत सगळं सपाट, ब्रेक लागला काय अन् नाही काय, कळतंय कुठं? जिंतूरला नेमगिरीच्या चढावर लावली, तर दांडा पार वर ओढूनही मागं सरकायली. आत सासूबाई!"

"अगं बाई! मंग गॅरेजला न्यायची ना."

"म्हणाले, आपल्या गाडीला मागं ड्रम हाय. हॅन्डब्रेकला वेगळे शू नसतात, पायाच्या ब्रेकचेच. दांडा केबल ओढतो, केबल तेच शू ड्रमला दाबते. एका कामात दोन्ही ब्रेक नीट होतेत."

"अन् हातोडा कशाला?"

"ड्रम गंजून चिकटला होता. हातोड्याला काही दाद देईना. ड्रमलाच आट्याची दोन भोकं असतेत, त्यात बोल्ट आवळत नेले, तवा आपसूक सुटला. हॅन्डब्रेक आधी खाली सोडलेला पाहिजे, नाहीतर शू ड्रमला धरून ठेवतेत."

"जॅक घसरला तर?"

"पुढच्या चाकांना दगड लावलेत, खाली जाड ओंडका दिलाय."

"तोंडाला ओढणी कामून?"

"आतल्या काळ्या धुळीसाठी. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. फुंकर मारायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची."

"दुसरं चाक कधी?"

"हे बसल्यावर. दोन्ही बाजू एकदम उघडल्या अन् कोणती स्प्रिंग कुठं होती ते विसरलं, तर बघायचं कुठं? पण शू दोन्हीकडचे बदलायचे, नाहीतर ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढते."

"पोरगं मदतीला का नाही?"

"त्याला गाडीत बसून पायानं ब्रेक दाबायची लई हौस. ड्रम निघालेला असताना दाबला तर सिलिंडरमधले पिस्टन बाहेर येतेत, सगळं ब्रेक ऑईल जमिनीवर."

"म्हणून सकाळपासून माझ्याकडं लाडू खायला धाडलंय व्हय!"

"तुमच्याशिवाय कोण सांभाळणार त्याला, काकू?"

"बरं, बसवल्यावर तपासणार कुठं? इथं चढ हाय का?"

"उद्या पुन्हा नेमगिरीला जायलोत. सासूबाई म्हणल्या, दर्शनही होईल. तुम्ही पण चला."

"येते की. पण चढ लागायच्या आधी मला खाली उतरवा!"