सॅकसर

करवंद नाक्यावरच्या खताच्या दुकानात जायचं असेल, तर बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत सर बसलेत का, ते आधी लांबूनच पाहून घ्यावं. बसले असतील तर युरियाला दहा मिनिटं जास्त लागतात. खत शिल्लक असतं, मशीनवर अंगठाही उमटतो; गाडी अडते ती एका शब्दाशी.

"युरियाच्या दोन बॅगा द्या, भाऊ."

सर चष्मा कपाळावर सरकवतात. "बॅगा? हिला बंद आहे? चेन आहे? ही धरून एसटीत बसशील?" गिऱ्हाईक गोंधळून दुकानदाराकडे बघतं, दुकानदार पंख्याकडे. "सॅक म्हण, सॅक. एस, ए, सी, के."

गिऱ्हाईक बहुतेक वेळा सरांचाच विद्यार्थी निघतो. शिरपूर तालुक्यात चाळिशी ओलांडलेला जो कोणी बारावीला इंग्रजीत पास झाला तो सरांमुळे, आणि जो नापास झाला तोही सरांमुळेच, असं ज्याचं त्याचं म्हणणं असतं. निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळात जातात, ज्येष्ठ नागरिक संघाच्या निवडणुकीत पडतात, निदान गुडघे दाखवायला धुळ्याला तरी जातात. सरांनी दोन इंग्रजी नामं घेतली आणि त्यांच्यावरच उरलेलं आयुष्य काढायचं ठरवलं.

त्यांचा सिद्धांत तसा अगदी सरळ आहे. बॅग म्हणजे कोणतीही पिशवी. सॅक म्हणजे मोठी, जाडीभरडी, धान्य-पीठ-कोळसा भरायची. "भरताचं वांगं हे वांगंच असतं," सर सांगतात, "पण प्रत्येक वांग्याचं भरीत होत नाही. सॅक ही बॅग असते. प्रत्येक बॅग सॅक नसते. आलं ध्यानात?" खान्देशात हे न समजणारा माणूस सापडणं कठीण. समजतं सगळ्यांना. वापरत कोणी नाही.

बरं, नुसतं वापरत नाहीत एवढ्यावर भागलं असतं. शिरपूरनं हे दोन शब्द नेमके उलटे टांगलेत. सकाळी सर खताच्या दुकानात बसतात, तिथे पोत्याला बॅग म्हणतात. दुपारी कॉलेजं सुटतात आणि पाठीवर पिशव्या अडकवलेली पोरं नाक्यावर उतरतात, त्यातली कोणी ओरडते, "ए, माझी सॅक धर ना!" सर दोन्हीकडून मार खातात. मुंबई-आग्रा रस्त्यावरून दिवसभर इतके ट्रक जातात, पण त्या आवाजातही चुकीची 'सॅक' त्यांना बरोबर ऐकू येते. एरवी डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं.

मेअखेरीला कपाशीच्या बियाण्याची घाई सुरू होते, तेव्हा तर सरांचं ब्लडप्रेशर वाढतं. कारण बियाण्याचं ४७५ ग्रॅमचं पाकीट, तीही बॅग. युरियाचं ४५ किलोचं पोतं, तीही बॅग. सिमेंटचं ५० किलोचं, तीसुद्धा बॅग. "पाच बॅगा लावल्या" म्हणणाऱ्यानं शर्टाच्या दोन्ही खिशांत बियाणं घरी नेलेलं असतं, की ट्रॅक्टर भाड्यानं सांगितलेला असतो, हे ऐकणाऱ्यानं ओळखायचं. सरांनी एकदा दुकानाच्या पायरीवर खडूनं गणित मांडलं होतं: एका बॅगेत दुसऱ्या बॅगा जवळजवळ पंचाण्णव बसतात. (खडू ते अजून खिशात ठेवतात. सदरा धुवायला टाकताना माई तो न चुकता काढून ठेवतात.) २०१८ साली युरियाचं पोतं ५० किलोवरून ४५ किलोवर आलं, तेव्हा सगळा तालुका कमी झालेल्या पाच किलोंबद्दल बोलत होता. सरांनी मात्र वरती अर्ज धाडला की, पोत्यावरचा मजकूर नाहीतरी नव्यानं छापताच आहात, तर त्याच खर्चात शब्दही दुरुस्त करून घ्यावा.

नोकरीत असताना या शुद्धतेची किंमत त्यांनी मोजली होती. शिबिरात वनराई बंधारा घालायचा होता. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची आणि नाल्यात आडवी रचायची, एवढंच काम. शिरपूर तालुका बंधाऱ्यांसाठी नावाजलेला. सुरेश खानापूरकरांनी इथले नाले खोल-रुंद करून ठायी ठायी पाणी अडवलं, ते बघायला लांबून लोक येतात. सरांच्याही अंगात जोर आला होता. आदल्या दिवशी त्यांनी अकरावीच्या वर्गात खणखणीत आवाजात सांगितलं, "उद्या प्रत्येकानं एक रिकामी सॅक आणायची."

दुसऱ्या दिवशी साठ पोरं नाल्यावर हजर. प्रत्येकाच्या पाठीवर सॅक, आणि प्रत्येक सॅक रिकामी. काहींनी तर ती धुऊन आणली होती. एका आज्ञाधारक मुलीनं कुणी काही बोलायच्या आत आपल्या सॅकमध्ये दोन टोपली वाळू भरूनही टाकली आणि वर चेन लावली. सर पाहतच राहिले. त्यांनी मुकाट्यानं शिपायाला बाजारात पिटाळलं. निघताना शिपायानं विचारलं, "सर, काय मागू दुकानात?" सर थोडा वेळ गप्प राहिले आणि मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "बॅगा."

'सॅकसर' हे नाव त्या दिवशी पडलं. त्यांच्या तोंडावर कोणी घेत नाही. पण त्यांना ते ठाऊक आहे, आणि माझ्या अंदाजानं आवडतंही.

इतिहासाच्या सरांना बदली म्हणून ते एकदा दहावीवर गेले होते, त्याची गोष्ट मात्र ते स्वतःच सांगतात. फळ्यावर लिहिलं, 'सॅक ऑफ सुरत, १६६४'. सुरतेची लूट. इथे सॅक म्हणजे लूट. लूट पोत्यात भरतात त्यावरून हा अर्थ आला, असं सांगायची त्यांना फार हौस होती. त्याआधी अर्थ विचारला, तर मागच्या बाकावरचा पोरगा उठून म्हणाला, "सुरतहून आणलेली बॅग, सर. माझ्या मामाने आणेल आहे." लग्नाचा बस्ता असो की प्रवासाची पिशवी, इथली निम्मी खरेदी सुरतेची. सरांनी त्याला अर्धा मार्क दिला.

त्यांना खरा तोडीस तोड भेटला तो खताचा दुकानदारच. हा वर्गात कधी तोंड उघडत नसे. सर नेहमीप्रमाणे रंगात आले होते, "पोत्यात पाय घालून पळतात त्याला सॅक रेसच म्हणतात ना? बॅग रेस कधी ऐकलीस?" दुकानदारानं शांतपणे पावतीपुस्तक मिटलं. "सर, मग सँडबॅग कशी? अन् टेंडरमध्ये गनी बॅग लिहिलेलं राहतं. गनी म्हणजे आपली गोणीच ना? गोऱ्यांनी आपली गोणी नेली आणि तिला स्वतःच बॅग म्हटलं."

सर गडबडले. "अमेरिकेत गनी सॅक म्हणतात," एवढंच त्यांना सुचलं. ओळीत उभ्या असलेल्या एका आप्पांना आता राहवेना. "सर, बॅग म्हना नहीते सॅक म्हना, मझार युरियाच शे ना!"

माझं मत कोणी विचारलेलं नाही, पण कोशाप्रमाणे सरांची बाजू तशी भक्कम आहे. मात्र त्या दिवशी घरी जाताना ते हरल्यासारखे मुळीच दिसत नव्हते. कितीतरी वर्षांनी कोणी उलटा प्रश्न विचारला होता. घरी हा प्रश्न निघत नाही. माईंच्या लेखी हातातली ती थैली, डोक्यावरची ती गोणी, आणि जेवण गार होतंय.

मध्यंतरी इंजिनीअरिंगला असलेली नात सुट्टीत आली. पाठीवरचं ओझं पलंगावर टाकत म्हणाली, "आबा, हिला सॅक म्हणतात ते चूक नाही. मूळ शब्द रकसॅक. जर्मन. रक म्हणजे पाठ. आपल्याकडे पुढचं गळालं, मागचं राहिलं." आबांनी कोश काढला, भिंग काढलं, पान सापडलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. माईंना वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर नाक्यावर खुर्ची टाकून बसले होते. कॉलेजची पहिली पोरगी उतरली, मैत्रिणीला म्हणाली, "माझी सॅक धर." सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"सॅक बरोबर आहे, बाळ. पण रक कुठे सांडलास?"