टोचनदादा

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत सरपंच नसलेलं गाव एखादे वेळी सापडेल, पण टोचनदादा नसलेलं सापडायचं नाही. सरपंचाला मुदत असते, आरक्षण असतं, अविश्वासाचा ठराव असतो. दादाला यातलं काहीच नाही. त्याच्याकडे महिंद्राची जुनी डीआय इंजिनाची फोर बाय फोर असते, सीटखाली गुंडाळलेला वायर रोप असतो आणि रात्री अडीचला फोन वाजला तरी पहिल्या रिंगला उचलायची खोड असते. कुणाची गाडी बांधावरून घसरली, ओहोळात बसली, चढावर बंद पडली, की लोक ११२ नंतर फिरवतात, आधी दादाला लावतात.

दादाचं वय पंचेचाळिशीच्या पुढे कुठेही असू शकतं. अंगात पांढरा शर्ट, जो लग्नाच्या दिवशी फक्त सकाळी पांढरा असतो, कारण दुपारी वऱ्हाडाची बस रुततेच. माणसांकडेही तो ओढण्याच्याच हिशेबाने बघतो. भाचीला स्थळ आलं तेव्हा बाकीच्यांनी मुलाचा पगार विचारला, जमीन विचारली, घर पाहिलं. दादाने एवढंच विचारलं, "ट्रॅक्टर किती एचपीचा?" पस्तीसचा आहे म्हटल्यावर तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "बघा बाबा, पोरीला जन्म काढायचाय."

त्याचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. माळशेजवर ढग उतरले की मुंबई-ठाण्याच्या गाड्या कल्याण-मुरबाड रस्त्याने वर निघतात. धबधब्यांवर प्रशासनाचे मनाईआदेश निघतात, मग ही मंडळी मनाई नसलेली जागा शोधतात, आणि मनाई नसलेली जागा म्हणजे बहुतेक वेळा कुणाचं तरी चिखलणी केलेलं भाताचं खाचर. हिरवळ समजून गाडी आत घातली जाते. चाकं बसली की साहेब टायरकडे बघतात, मॅडम मोबाइलच्या रेंजकडे बघतात आणि खाचराचा मालक दादाला फोन लावतो. दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागल्या की विटांच्या ट्रॉल्या. पौष पौर्णिमेला म्हसा यात्रा भरली की बैल आणणारे टेम्पो. बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ला वैध ठरवला, तेव्हा शौकिनांनी गुलाल उधळला आणि दादाने नवा रोप घेतला. शर्यत म्हणजे माळावर शंभर टेम्पो, आणि शंभरात चार तरी रुतणारच, हे त्याला निकालपत्र न वाचता कळलं होतं. एप्रिल-मे महिन्यांत टँकर. तानसा-वैतरणेचं पाणी मुंबईला उताराने जातं. शहापूरच्या पाड्यांवर ते चढाने न्यावं लागतं, आणि चढ आला की दादा आला.

पैसे तो घेत नाही. गाववाल्याकडून "डिझेल टाक पाच लिटर" एवढंच. मुंबईच्या साहेबांना तो "राहू द्या हो" म्हणतो, पण ते अशा आवाजात म्हणतो की साहेब न राहू देता पाचशेची नोट काढतात. हा आवाज काढायला बारा पावसाळे लागतात.

असं सगळं बरं चाललं होतं आणि समृद्धी महामार्ग आला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ला खुला झाला, पण जमिनीचे मोबदले त्याच्या कितीतरी आधी खात्यांत पडले होते आणि मोबदल्यापाठोपाठ दारांत थार उभ्या राहिल्या होत्या. दादाच्या गाडीचं इंजिन २५२३ सीसीचं, कागदावर ६३ घोड्यांचं. २०२०मध्ये आलेल्या नव्या थारचं डिझेल इंजिन २१८४ सीसीचं आणि घोडे १३०. इंजिन लहान आणि घोडे दुपटीहून जास्त, हा हिशेब दादाला सरळ सरळ लबाडीचा वाटला. त्यात सख्ख्या पुतण्याने थार घेतली. म्हशाच्या ज्या मैदानात दादाच्या आजोबांनी दात बघून खोंड पारखले होते, त्याच मैदानात एक भरलेली ट्रॉली दादाच्या दोन झटक्यांत हलली नाही आणि पुतण्याने ती एसी चालू ठेवून काढली. ट्रॉली निघाल्याचं दुःख नव्हतं. काचा बंद होत्या, हे लागलं. टोचन करणाऱ्याने अर्धं अंग खिडकीबाहेर काढून, मागे बघत, शिव्या देत गाडी काढायची असते. काच बंद करून केलेलं टोचन दादा मोजत नाही. लोकांनी मात्र मोजलं.

त्या रात्री दादाने मोबाइलवर ऑस्ट्रेलिया बघितला. तिकडे लोक राहतं घरच गाडीला बांधून फिरायला निघतात आणि ते धूड ओढायला डिझेलच्या फोर बाय फोरला काही जण एलपीजीचं किट बसवून घेतात. डिझेल बंद होत नाही. आत जाणाऱ्या हवेबरोबर थोडा गॅस सोडला जातो आणि गाडीला चढावर जास्तीचा पिकअप मिळतो. दुसऱ्या दिवशी सरळगावच्या नाक्यावर, चहाच्या टपरीसमोर, जाहीर झालं: "आपण गाडीला गॅस मारणार."

नाक्यावर तज्ज्ञांची कमतरता नसते. एका रिक्षावाल्याने विचारलं, "दादा, आमच्यात प्लग ठिणगी टाकतो. तुमच्यात पेटवणार कोण?"

प्रश्न रास्त होता. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. पिस्टन हवेला अठरा-एकोणीस पट दाबतो. सायकलला हवा भरताना पंप तापतो ना, तशीच ही हवा तापते, फक्त पाचशे अंशांच्या पुढे. तीत डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेटतो. एलपीजी नुसत्या दाबाने इतका सहज पेट घेत नाही, म्हणून त्याला पेटवायला डिझेलच लागतं. इथवर ठीक. घोळ पुढे आहे. डिझेल नोझलमधून ठरल्या वेळी, मोजून येतं. गॅस मात्र आधीच सगळ्या हवेत मिसळून बसलेला असतो, आणि गॅस जास्त झाला, लोड वाढला, इंजिन तापलं, की तो पाळी न बघता एकदम भडकतो. इंजिन ठोकायला लागतं आणि तेवढ्यावर थांबलं नाही तर पिस्टनचं डोकं वितळतं. आता लोड सगळ्यात जास्त केव्हा असतो? टोचन करताना. म्हणजे ज्या कामासाठी गॅस घ्यायचा, त्याच कामात तो इंजिनाचा घास घेणार. ऑस्ट्रेलियातल्या चांगल्या किटमध्ये गॅस किती सोडायचा आणि कधी तोडायचा हे कॉम्प्युटर ठरवतो. दादाच्या गाडीत विजेवर चालणारी अक्कल एकच, टेपरेकॉर्डर, आणि तोही कॅसेट गिळतो.

पण जाहीर केलेलं मागे घेणं दादाच्या रक्तात नाही. मिस्त्रीला नमुना दाखवायचा म्हणून त्याने घरातला १४.२ किलोचा लाल सिलिंडर खांद्यावर टाकला. वहिनी अंगणात तांदूळ निवडत होत्या.

"अहो, तो कुठे चालला?"

"गाडीला लावून बघायचाय."

"बरं. मग भाकऱ्या बॉनेटवर भाजू का?"

सिलिंडर परत गेला. घरगुती सिलिंडर गाडीच्या इंजिनाला जोडायला कायद्याने बंदी आहे, आणि मंजुरी नसलेले बदल गाडीत करू नयेत असं मोटार वाहन कायदा, १९८८चं ५२वं कलम सांगतं. वहिनींना कलमाची गरज पडली नाही.

रिकाम्या हाताने गेलेल्या दादाला मिस्त्रीने शांतपणे ऐकून घेतलं. गावाकडचे मिस्त्री बोलायचेही पैसे लागतात अशा बेताने बोलतात. "लावतो शेठ," तो म्हणाला, "पण हेड आणि पिस्टन आताच आणून ठेवा. एकाच खेपेत दोन्ही कामं होतील." मग गाडीखाली सरकला आणि आतूनच विचारलं, "फोर लो शेवटचा कधी लावला होता?"

दादा बोलला नाही. छोटी दांडी तशीच होती, तिला यात्रेतला काळा दोरा बांधलेला होता आणि ती गंजून बसली होती. लो लावणं म्हणजे गाडी हरली असं कबूल करणं, अशी त्याची समजूत. आयुष्यभर त्याने हाय गिअरमध्ये झटके मारून गाड्या काढल्या आणि वर्षाला एक क्लच प्लेट जाळली. मिस्त्रीने दांडी मोकळी केली. एअर फिल्टर झटकला तर त्यातून निम्मी वीटभट्टी निघाली. नोझल तपासून घेतले. लो लावला की चाकांपर्यंत पोहोचणारी ओढ जवळजवळ अडीचपट होते, वेग तेवढाच उतरतो. कुठलाही गॅस अडीचपट देत नाही. आणि चिखलात तर नुसत्या ताकदीने काम होतच नाही. पकड नसेल तर जास्त घोडे म्हणजे जास्त उडालेला चिखल. टायरमधली हवा थोडी उतरवली की टायर पसरतो आणि धरतो. हे सगळं महिंद्राच्या कारखान्याने गाडीबरोबर आधीच दिलेलं होतं. दादाने ते वापरलं नव्हतं, एवढंच.

आता नाक्यावर काय सांगायचं? गॅस मारणार म्हणून सांगून बसलेला माणूस "एअर फिल्टर साफ केला" असं सांगू शकत नाही. म्हणून दादाने जुन्या शेगडीचा पितळी कॉक डॅशबोर्डखाली ठोकून घेतला. त्याला रबरी नळी जोडली. नळी सीटखाली जाते आणि तिथेच संपते.

पुढच्याच रविवारी टोकावड्याच्या अलीकडे एक पांढरी एसयूव्ही खाचरात बसली. दादाने आधी गाडीभोवती एक फेरी मारली. रोप बंपरला बांधू दिला नाही, चॅसिसच्या हुकालाच बांधला. बघ्यांना लांब केलं, कारण तुटलेला रोप पाय कापून नेतो. रोप हळूहळू ताणून घेतला. मग डावा हात कॉकवर नेऊन मोठ्याने म्हणाला, "मागे व्हा, गॅस सोडतोय!" आणि कॉक फिरवून तोच हात गुपचूप लोच्या दांडीवर नेला. एसयूव्ही चिखलातून अशी निघाली की साहेबांनी "राहू द्या हो" ऐकायच्या आधीच हजार रुपये काढले.

तेव्हापासून दोन्ही तालुक्यांत दादाची गाडी गॅसवर ओढते. खरं काय ते त्याने एकाच माणसाला सांगितलं, तपासणीला थांबवणाऱ्या आरटीओच्या साहेबांना. सीटखालून नळीचं मोकळं टोक काढून दाखवलं आणि हात जोडले, "दंड करा साहेब, पण कुणाला सांगू नका." साहेबांनी दंड केला नाही आणि सांगितलंही नाही.

गेल्या महिन्यात पुतण्या रात्री काकाच्या ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ भाताच्या रोपांवर बोलला आणि जाता जाता म्हणाला, "काका, तुमच्या गॅसवाल्याचा नंबर द्या ना." दादाने सुपारी कातरली. "तुझ्या थारला झेपायचा नाही," तो म्हणाला, "आधी काच खाली करायला शिक."

माझं मत विचाराल तर दादा खोटं बोलतो आणि काम खरं करतो; उलटं करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. या पावसाळ्यात माळशेजला येणार असाल तर मात्र एक करा. हल्लीच्या गाड्यांना पुढे रोप बांधायला काही दिसत नाही. बंपरवर एक छोटं झाकण असतं, ते काढलं की आतमध्ये आटे पाडलेलं भोक, आणि त्यात फिरवून बसवायचा हूक बहुतेक गाड्यांत डिकीत, जॅक-पान्याच्या शेजारी असतो. घरून निघण्यापूर्वी तो शोधून ठेवा. दादा गॅस सोडायला केव्हाही तयार असतो, पण तुमचा हूक सापडेपर्यंत त्यालाही पावसात उभं राहावं लागतं.