दुर्बीण खरेदी : इच्छुकांस सूचना

पक्षिनिरीक्षणाला दोनच गोष्टी लागतात : पक्षी आणि दुर्बीण. पैकी पक्षी फुकट असल्यामुळे सगळी चर्चा दुर्बिणीची होते. ती स्वस्त घ्यावी की महाग, या प्रश्नावर चांगले मित्र दुरावलेले आहेत. म्हणून या सूचना.

१. कायदा पाळा. पक्षितज्ज्ञ सालिम अलींची सुरुवात छऱ्याच्या बंदुकीने झाली. पाडलेली पिवळ्या कंठाची चिमणी कुठली, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथलेच झाले. ही सोपी वाट १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद केली आहे. आता खिशालाच भोक पाडावं लागतं.

२. मोठ्या आकड्याला भुलू नका. थंड हवेच्या ठिकाणी मक्याच्या कणसाशेजारी सातशे रुपयांत '३०×६०' मिळते. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो; दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. सोबत शाळेची पट्टी न्यावी. साठ सांगितलेलं भिंग पंचवीसही भरत नाही, तेव्हा विक्रेता कणीस पुढे करतो. शिवाय पक्षी जितका मोठा दिसतो, तितकीच हाताची थरथरही. तीस पटीत खंड्या स्वस्थ बसलेला असतो, भूकंप फांदीला होतो. बहुतेकांना ८×४२ पुरते.

३. भागाकार करा. ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच. इतक्या मिलिमीटरचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो. खिशातल्या १०×२५ चा झोत अडीचचा. भर उन्हात आपली बाहुलीच दोन-तीन मिलिमीटर उघडी असते, त्यामुळे दुपारी बाराला फरक फारसा जाणवत नाही. दुकानदार दुर्बीण दुपारीच दाखवतो. पक्षी मात्र पहाटे येतात.

४. महागाचे गुण जाणून घ्या. आठ-दहा हजारांच्या पुढे प्रिझम जागच्या जागी राहतात, एकाचे दोन बगळे दिसत नाहीत, आत नायट्रोजन भरलेला असल्याने भिंगावर आतून वाफ धरत नाही. सातशेवरून इथवरची उडी आंधळ्यालाही कळेल. इथून दोन लाखांच्या ऑस्ट्रियन दुर्बिणीवर गेलात, तर चित्र कडेपर्यंत स्वच्छ दिसतं आणि उजळ आकाशापुढच्या घारीला जांभळी किनार येत नाही. हा फरक खरा आहे, पण तो शोधायला डोळे बारीक करावे लागतात. आणि पावसात चालते म्हणून घेतलेली ती दुर्बीण ढग दिसताच पिशवीत जाते.

५. परत करण्याआधी फिरवून बघा. उजवा डोळा मिटून मधलं चाक फिरवा, डाव्याला स्पष्ट दिसू द्या. मग डावा मिटून उजव्या नळीवरचं कडं फिरवा. चष्मा असेल तर डोळ्यापाशी येणारे रबरी कप खाली करा. 'दुर्बीण बाद आहे' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी ते कडं झाकणासारखं दिसतं म्हणून सोडून दिलेलं असतं.

६. परीक्षा भिगवणला घ्या. तिथे उजनी धरणाच्या पाण्यावर रोहित बघून निकाल लावू नये. एवढा उंच गुलाबी पक्षी चष्मा विसरलेल्यालाही दिसतो. काठच्या चिखलातला करडा ठिपका निवडा. तुम्ही चाक फिरवत असताना नावाडी नुसत्या डोळ्यांनी सांगेल, "बूड हलवतोय, तुतवार हाय." अपमान गिळा आणि दुर्बीण त्याच्या हातात द्या. तो ती पक्ष्यावर लावणार नाही, पलीकडच्या तीरावर लावेल. बराच वेळ बघेल. मग ओरडेल, "आयला सर, आमची म्हैस उसात शिरली की!"

होडी तिथूनच माघारी वळेल. वाटेत हिशोब करावा : म्हैस सातशेच्या दुर्बिणीतूनही दिसली असती. कुणाची, ते कळलं नसतं.